धुक्यातील सरोवरांचे छायाचित्रण

धुक्यातील सरोवरांचे छायाचित्रण हा निसर्गदृश्य छायाचित्रणाचा एक उपप्रकार आहे. सरोवर, तळे किंवा धरणाचा जलाशय आणि त्यावर पसरलेले धुके हा त्याचा विषय असतो. धुक्यामुळे दूरच्या वस्तूंचे तपशील, रंग आणि छायाप्रकाशातील फरक लोप पावतात व दृश्य मोजक्या आकारांपुरते उरते. या लोपामुळे चित्राला साधेपणा आणि खोली मिळते. मात्र त्याचमुळे कॅमेऱ्याचे स्वयंचलित प्रकाशमापन व फोकस फसण्याची शक्यता असते. निसर्गातील सौम्य छटा छायाचित्रात जशाच्या तशा उतरवता येतात का, हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रणाच्या कलामूल्याविषयी झालेल्या वादातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. या वादात आघाडीवर असलेले पीटर हेन्री इमर्सन यांची पाणथळ प्रदेशातील छायाचित्रे या उपप्रकाराच्या आरंभीच्या महत्त्वाच्या उदाहरणांत मोडतात.

धुक्याचे स्वरूप व निर्मिती

जमिनीलगतच्या हवेतील बाष्पाचे सांद्रीभवन होऊन सूक्ष्म जलकण तरंगू लागले म्हणजे धुके तयार होते. हवामानशास्त्रात दृश्यमानता १ किलोमीटरपेक्षा कमी झाल्यास त्या स्थितीस धुके म्हणतात. दृश्यमानता त्याहून अधिक असल्यास ते विरळ धुके मानले जाते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणात दृश्यमानता २०० मीटर किंवा त्याहून कमी असल्यास दाट आणि ५० मीटर किंवा त्याहून कमी असल्यास अतिदाट धुके समजतात. छायाचित्रकाराच्या दृष्टीने सरोवरावरील धुक्याचे तीन प्रकार महत्त्वाचे आहेत.

बाष्प धुके: दिवसभर तापलेले पाणी रात्री जमिनीपेक्षा सावकाश थंड होते. पहाटे काठावरची थंड हवा या तुलनेने उबदार पाण्यावर आली की पाण्यातून निघालेल्या वाफेचे लगेच सांद्रीभवन होते आणि पृष्ठभागावरून वाफेचे धागे उठताना दिसतात. हा थर बहुधा काही मीटर उंचीचाच असतो. त्यामुळे त्याच्या वर डोंगर व झाडांचे शेंडे स्पष्ट दिसतात आणि पाण्याची कड मात्र झाकली जाते.

प्रारण धुके: निरभ्र आणि जवळजवळ निर्वात रात्री जमीन उष्णता गमावून थंड होते व तिच्यालगतची हवा दवबिंदूपर्यंत निवते. ही जड, थंड हवा उतारांवरून खाली वाहत येऊन सरोवराच्या खोलगट भागात साचते. वरची हवा उबदार राहिल्याने तापमानाची विपरीतता निर्माण होते आणि धुक्याचा माथा एका पातळीत कापल्यासारखा दिसतो. अशा वेळी उंचावरून काढलेल्या चित्रात खोरे भरून राहिलेला पांढरा थर आणि त्यातून वर आलेली शिखरे दिसतात.

चढाचे धुके: आर्द्र वारे डोंगर चढताना थंड होतात व ढग थेट जमिनीला टेकतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावरील जलाशयांवर दिसणारे धुके बहुतांशी या प्रकारचे असते. वरील दोन प्रकारांप्रमाणे ते सूर्योदयानंतर विरेलच असे नाही. ते दिवसभर टिकू शकते आणि वाऱ्याबरोबर काही क्षणांत दाट किंवा विरळ होते.

प्रकाशकीय पार्श्वभूमी

स्वच्छ हवेतील रेणू निळ्या प्रकाशाचे प्रकीर्णन तांबड्यापेक्षा अधिक करतात, म्हणून दूरचे डोंगर निळसर दिसतात. धुक्यातील जलकणांचा आकार मात्र साधारणतः काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बराच मोठा असतो. ते सर्व रंगांचे जवळपास सारखेच प्रकीर्णन करतात. परिणामी धुके पांढरे किंवा करडे दिसते आणि त्याला येणारी रंगछटा ही मुख्यत्वे त्यावर पडणाऱ्या प्रकाशाची असते.

अंतरानुसार दृश्याचा ठसठशीतपणा कसा घटतो याचे गणित जर्मन हवामानशास्त्रज्ञ हाराल्ड कोशमीडर यांनी १९२४ मध्ये मांडले. त्यानुसार एकसारख्या धुक्यात काळ्या वस्तूचा पार्श्वभूमीशी असणारा भेद अंतराबरोबर घातांकी पद्धतीने कमी होतो आणि तो २ टक्क्यांवर आला की वस्तू दिसेनाशी होते असे मानले जाते. दृश्यमानता ४०० मीटर असेल, तर ५० मीटरवरील काळ्या नावेचा सुमारे ६१ टक्के, १०० मीटरवरील नावेचा ३८ टक्के आणि २०० मीटरवरील नावेचा केवळ १४ टक्के भेद शिल्लक राहतो. सारख्याच रंगाच्या तीन नावा यामुळे काळी, करडी आणि जवळजवळ पांढरी अशा तीन छटांत दिसतात. चित्रात खोलीचा भास निर्माण होण्याचे हे प्रमुख कारण आहे. चित्रकलेत या परिणामाला वातावरणीय यथार्थदर्शन म्हणतात.

सरोवराच्या बाबतीत आणखी एक घटक जोडला जातो. वारा नसल्याने धुके टिकते आणि त्याच कारणाने पाणीही स्थिर असते. पाण्यात धुक्याचेच प्रतिबिंब पडल्यामुळे पाणी व आकाश यांची छटा एक होते, क्षितिजरेषा पुसली जाते आणि काठ, बेट किंवा नाव अधांतरी असल्यासारखी दिसते.

इतिहास

चित्रकलेतील पूर्वपरंपरा

धुक्याने झाकलेले पाणी हा पूर्व आशियाई शाईचित्रांचा जुना विषय आहे. चीनमधील शियाओ व शियांग या नद्यांच्या व डोंगतिंग सरोवराच्या परिसरावर आधारलेली ‘शियाओशियांगची आठ दृश्ये’ ही विषयमालिका सुंग राजवटीच्या काळात रूढ झाली आणि पुढे कोरिया व जपानमध्येही चितारली गेली. या परंपरेत कागदाचा न रंगवलेला भाग हाच धुके, पाणी किंवा आकाश म्हणून वाचला जातो.

आरंभीचे छायाचित्रण

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील छायाचित्रण काचा प्रामुख्याने निळ्या व अतिनील प्रकाशालाच संवेदनशील होत्या. हवेतून प्रकीर्णित होणारा प्रकाश हाच असल्याने, डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या दिवशीही दूरचे डोंगर छायाचित्रात फिकट येत आणि आकाश कोरे राहत असे. यावर उपाय म्हणून काही छायाचित्रकार आकाश व भूभाग यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एकच चित्र छापत. इंग्लंडमधील हेन्री पीच रॉबिन्सन हे या संयुक्त छपाईचे प्रमुख पुरस्कर्ते होते. त्यांचे ‘पिक्टोरियल इफेक्ट इन फोटोग्राफी’ हे पुस्तक १८६९ मध्ये प्रसिद्ध झाले.

पीटर हेन्री इमर्सन

इमर्सन (१८५६–१९३६) यांचा जन्म क्युबात झाला. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या इमर्सन यांनी इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉरफोक ब्रॉड्स या प्रदेशाचे छायाचित्रण केले. ब्रॉड्स ही नद्यांना जोडलेली उथळ तळी असून त्यांच्या काठाने बोरूची दाट वाढ असते. ही तळी नैसर्गिक नसून मध्ययुगात इंधनासाठी पीट खणल्याने पडलेल्या खड्ड्यांत पाणी भरून तयार झाली, हे १९५०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लँबर्ट यांच्या संशोधनातून पुढे आले.

चित्रकार थॉमस फ्रेडरिक गुडॉल यांच्यासह इमर्सन यांनी १८८६ मध्ये ‘लाइफ अँड लँडस्केप ऑन द नॉरफोक ब्रॉड्स’ हा ४० प्लॅटिनम मुद्रितांचा संग्रह सिद्ध केला. प्लॅटिनम छपाईत कागद चकचकीत दिसत नाही आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या करड्या छटा सावकाश उतरत जातात. दमट हवेतील दृश्यांना ही छपाई विशेष अनुरूप ठरली. १८८९ मध्ये ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ या ग्रंथात त्यांनी आपली भूमिका मांडली. मानवी डोळा दृश्याचा मध्यभागच स्पष्ट पाहतो, म्हणून चित्रातील मुख्य विषय फोकसमध्ये आणि उर्वरित भाग किंचित मृदू असावा. तसेच निगेटिव्ह जोडणे व हाताने रंगकाम करणे टाळावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. रॉबिन्सन यांच्या पद्धतीवर ही थेट टीका होती.

१८९० मध्ये फर्डिनांड हर्टर व वेरो ड्रिफील्ड यांनी छायाचित्रण काचांच्या संवेदनशीलतेविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. प्रकाश आणि निगेटिव्हवरील काळेपणा यांचा संबंध निश्चित नियमांनी बांधलेला आहे, असे त्यातून दिसून आले. छायाचित्रकाराला छटांवर चित्रकाराप्रमाणे ताबा ठेवता येत नसेल, तर छायाचित्रण ही ललित कला ठरत नाही, असा निष्कर्ष इमर्सन यांनी काढला आणि ‘द डेथ ऑफ नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ या पुस्तिकेद्वारे आपले पूर्वीचे मत जाहीरपणे मागे घेतले.

त्यांनी छायाचित्रण मात्र थांबवले नाही. याच सुमारास ते ‘मेड ऑफ द मिस्ट’ नावाच्या नौकेतून ब्रॉड्समध्ये फिरत होते. या भ्रमंतीचा वृत्तान्त ‘ऑन इंग्लिश लॅगून्स’ (१८९३) या पुस्तकात आहे. १८९५ मधील ‘मार्श लीव्ह्ज’ या संग्रहात हिवाळ्यातील बर्फ, धुके आणि निर्मनुष्य पाणी यांची फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापलेली १६ चित्रे आहेत. ‘द लोन लॅगून’सारख्या चित्रांत काठाची एखादी रेषा आणि काही काड्या यांपलीकडे फारसे काही नाही. ज्या छटांवर ताबा नसल्याचे कारण देऊन त्यांनी छायाचित्रणाचे कलापद नाकारले होते, त्याच छटांवर ही चित्रे पूर्णपणे अवलंबून आहेत. हा त्यांचा अखेरचा छायाचित्रसंग्रह ठरला.

विसावे शतक

विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रसदृश छायाचित्रणाच्या चळवळीत मृदू, मंद प्रकाशातील दृश्ये लोकप्रिय होती. एडवर्ड स्टायकेन यांनी १९०४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मामारोनेक येथे काढलेले ‘द पाँड—मूनलाइट’ हे तळ्याचे छायाचित्र या शैलीतील प्रसिद्ध उदाहरण होय. त्याची एक प्रत फेब्रुवारी २००६ मध्ये २९ लाख अमेरिकी डॉलरहून अधिक किमतीला लिलावात विकली गेली. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या एफ/६४ गटाने या मृदुतेला विरोध करून संपूर्ण चित्र रेखीव असण्याचा आग्रह धरला. या गटातील अॅन्सेल अॅडम्स यांनी पुढे फ्रेड आर्चर यांच्यासह झोन पद्धती विकसित केली. दृश्यातील प्रत्येक छटा मुद्रितावर कोठे यावी हे आधी ठरवून प्रकाशन व फिल्मचे विकसन करण्याची ही पद्धत असल्याने, छटांच्या नियंत्रणाचा इमर्सन यांना भेडसावलेला प्रश्न व्यवहारात बराचसा सुटला.

चीनमधील लांग जिंगशान (१८९२–१९९५) यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेल्या निगेटिव्ह एकत्र छापून ते शाईचित्रांसारखी निसर्गदृश्ये घडवीत. डोंगर, झाडे व पाणी यांमधील सांधे धुक्याच्या पांढऱ्या पट्ट्यांत विरून जात. समकालीन छायाचित्रकारांत ब्रिटिश छायाचित्रकार मायकेल केन्ना (जन्म १९५३) यांनी जपानच्या होक्काइदो बेटावरील कुश्शारो सरोवराच्या काठी घेतलेली कृष्णधवल चित्रे परिचित आहेत.

तंत्र

वेळ: बाष्प व प्रारण धुक्यासाठी सूर्योदयापूर्वीचा अर्धा तास ते सूर्योदयानंतरचे एक-दोन तास हा काळ सर्वाधिक उपयुक्त असतो. आदल्या संध्याकाळी आकाश निरभ्र असणे, वारा पडलेला असणे आणि हवेचे तापमान दवबिंदूच्या जवळ असणे ही धुके पडण्याची पूर्वचिन्हे आहेत.

प्रकाशन: कॅमेऱ्याचा प्रकाशमापक संपूर्ण दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. धुके त्यापेक्षा उजळ असल्याने स्वयंचलित प्रकाशनात, म्हणजेच एक्स्पोजरमध्ये, ते मळकट करडे येते. यासाठी साधारणतः १ ते १.५ स्टॉपची वाढ दिली जाते. १ स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट करणे होय. सूर्य धुक्यातून दिसत असल्यास वाढ जपून द्यावी लागते, कारण पूर्ण पांढऱ्या झालेल्या भागातील छटा नंतर परत मिळवता येत नाहीत. हिस्टोग्राम या आलेखात धुक्याच्या दृश्याचा उंचवटा मध्याच्या उजवीकडे, पण उजव्या कडेला न टेकता असणे इष्ट मानले जाते. छटांमधील फरक अल्प असल्याने अधिक तपशील नोंदवणारे रॉ स्वरूप जेपेग स्वरूपापेक्षा सोयीचे ठरते.

फोकस: स्वयंचलित फोकसला कडांमधील भेद आवश्यक असतो. दाट धुक्यात तो न मिळाल्याने भिंग पुढेमागे फिरत राहते. जवळचा बोरू, खुंट किंवा नावेची कड यांवर फोकस साधून तो हाताने स्थिर करणे हा नेहमीचा उपाय आहे.

शटर: पाण्यावरून उठणारे वाफेचे धागे वेगळे दिसायचे असल्यास १/१२५ सेकंद किंवा त्याहून जलद शटर वापरतात. अनेक सेकंदांच्या प्रकाशनात धुक्याची हालचाल मिसळून एकसंध पांढरा थर उमटतो आणि पाण्यावरील बारीक तरंग नाहीसे होतात. अशा प्रकाशनासाठी तिपाई आणि उजेड वाढल्यावर प्रकाश कमी करणारा करडा फिल्टर लागतो.

ध्रुवण फिल्टर: पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात सर्वाधिक ध्रुवित असतो. ध्रुवण फिल्टर तो अडवून पाण्याचा तळ दाखवू शकतो; मात्र त्यामुळे प्रतिबिंबही फिके होते. धुक्यात प्रकाशाचे वारंवार प्रकीर्णन होऊन ध्रुवण नष्ट होत असल्याने हा फिल्टर धुके कमी करू शकत नाही. विरळ धूसरता भेदणारे अवरक्त छायाचित्रणही याच कारणास्तव नव्हे, तर जलकणांच्या मोठ्या आकारामुळे दाट धुक्यात निरुपयोगी ठरते.

रंग: सूर्योदयापूर्वी धुके निळसर आणि नंतर काही काळ सोनेरी किंवा गुलाबी दिसते. स्वयंचलित श्वेतसंतुलन ही छटा पुसून टाकण्याची शक्यता असल्याने दिवसाच्या उजेडाचे स्थिर संतुलन निवडले जाते.

उपकरणांची निगा: बाहेरच्या हवेपेक्षा थंड असलेल्या कॅमेऱ्यावर, विशेषतः वातानुकूलित जागेतून दमट हवेत आणल्यास, बाष्प साचते. म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवूनच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो. भिंगावर जमणारे जलकण चित्राचा भेद आणखी घटवतात. त्यासाठी भिंगाचे छत्र व कोरडे सुती कापड जवळ ठेवतात.

रचना

धुक्यात तपशील कमी झाल्याने उरलेल्या प्रत्येक आकाराचे महत्त्व वाढते. जवळची एक गडद वस्तू, मध्यम अंतरावरील एक करडा आकार आणि दूरचा अस्पष्ट काठ अशी तीन पातळ्यांची मांडणी सर्वत्र आढळते. जवळ गडद वस्तू नसेल, तर सगळे चित्र सपाट करडे दिसण्याचा धोका असतो. मोठ्या नाभीय अंतराच्या भिंगाने एकामागोमाग एक असलेले काठ व टेकड्या जवळजवळ आणून छटांचे थर ठळक करता येतात. सूर्य समोर असताना वस्तू छायाकृतीत दिसतात आणि झाडांच्या फांद्यांतून प्रकाशाचे झोत दिसू शकतात. सूर्य पाठीमागे असताना विरळ धुक्यावर क्वचित फिकट पांढरे धुकेधनुष्य दिसते.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थळे

श्रीनगरच्या दल सरोवरात हिवाळ्यातील पहाटे धुके आणि त्यातून जाणारे शिकारे हा छायाचित्रकारांचा आवडता विषय आहे. मणिपूरमधील लोकताक सरोवरात फुमदी नावाची तरंगती गवताळ बेटे धुक्यात ठळक आकार देतात.

महाराष्ट्रातील बहुतेक प्रसिद्ध ‘तलाव’ मानवनिर्मित आहेत. महाबळेश्वर येथील वेण्णा तलाव साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांच्या काळात, १८४२ मध्ये बांधला गेला. पावसाळ्यात तेथे चढाचे धुके दिवसचे दिवस राहते, तर हिवाळ्यातील निरभ्र पहाटे पाण्यावर वाफ दिसते आणि कडाक्याच्या थंडीत काठावरील गवतावरचे दव गोठते. प्रवरा नदीवरील विल्सन धरणामुळे तयार झालेला भंडारदऱ्याचा जलाशय आणि पुण्याचा पाषाण तलाव ही अन्य परिचित स्थळे होत. एकाच जलाशयावर पावसाळी व हिवाळी अशी दोन भिन्न प्रकारची धुकी मिळणे हे सह्याद्रीतील स्थळांचे वैशिष्ट्य आहे.

सत्यतेविषयीचे वाद

संगणकीय प्रक्रियेमुळे रॉबिन्सन–इमर्सन काळातील वाद नव्या रूपात पुढे आला आहे. २०१५ पासून अॅडोबी लाइटरूम या आज्ञावलीत धूसरता कमी-जास्त करणारी सुविधा आहे. तिच्या साहाय्याने खरे धुके पुसता येते आणि नसलेले धुके आणल्याचा भासही निर्माण करता येतो. खऱ्या धुक्यात भेद अंतरानुसार घटत जातो. सर्व चित्रावर सारखाच पांढरेपणा टाकल्यास जवळची वस्तूही तितकीच फिकट होते. बनावट धुके ओळखण्याची ही एक खूण आहे, मात्र अंतराचा अंदाज घेऊन केलेल्या प्रक्रियेत ती दिसेलच असे नाही. कलाचित्र म्हणून असे बदल स्वीकारले जातात. निसर्ग विभागातील आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत मात्र मूळ दृश्यात नसलेले घटक घालण्यास सामान्यतः मनाई असते.

दुसरा मुद्दा चित्राखालील ओळीचा आहे. शहरांलगतच्या जलाशयांवर हिवाळ्यात दिसणारा करडा-पिवळसर थर अनेकदा शुद्ध धुके नसून धूर व धुके यांचे मिश्रण, म्हणजे धुरके असते. छायाचित्रात दोन्ही सारखेच मोहक दिसू शकतात. त्यामुळे स्थळ, दिनांक व वेळ यांची नोंद नसलेल्या चित्रावरून हवेच्या स्थितीविषयी अनुमान काढणे दिशाभूल करणारे ठरू शकते.

सुरक्षितता व पर्यावरण

दाट धुक्यात काठ आणि पाणी यांतील सीमा दिसत नाही. धरणांच्या जलाशयांत पाण्याची पातळी बदलत असल्याने उघड्या पडलेल्या गाळात पाय रुतण्याचा धोका असतो. नाविकांना दिशा व इतर नावा दिसत नसल्याने धुके विरळ होईपर्यंत नौकेतून छायाचित्रण टाळले जाते. पहाटेची वेळ पाणपक्ष्यांच्या चरण्याची असते आणि धुक्यात त्यांना जवळ येणारा माणूस उशिरा दिसतो. अचानक उडालेल्या थव्याचे चित्र आकर्षक दिसत असले तरी त्यासाठी पक्ष्यांना मुद्दाम उठवणे अयोग्य मानले जाते. विशेषतः हिवाळी स्थलांतरित पक्ष्यांची विश्रांती व चरण्याचा वेळ त्यामुळे वाया जातो.